आधी अळी, मग फुलपाखरू

पावसाळा सुरू झाला की कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कडेने कुरतडलेली दिसू लागतात. नीट पाहिलं तर एखाद्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळपट-पांढरा ठिपका असतो, आणि तो हळूच सरकतो. आठ-दहा दिवसांत त्याच ठिपक्याची चांगली गुबगुबीत, हिरवीगार अळी होते. डिवचलं तर डोक्यामागून केशरी-लालसर शिंगं बाहेर काढते. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते. कोणी ती अळी काडीने उचलून खाली फेकतं, कोणी फवारणीची बाटली घेऊन येतं. गंमत अशी, की त्याच घरात फुलपाखरं यावीत म्हणून नर्सरीतून झेंडू, एक्झोरा, पेंटास हौसेने आणलेले असतात. आणि फेकून दिलेली ती अळी म्हणजे लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या देखण्या फुलपाखराचं बालपण असतं.

फुलपाखरू हवं आणि अळी नको, ही आपली जुनीच सवय आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपात तर अळी आणि फुलपाखरू यांचा काही संबंध आहे, हेच बहुसंख्य लोकांच्या गावी नव्हतं. हा संबंध घरातल्या खोक्यांमध्ये अळ्या पाळून, त्यांना रोज ताजी पानं घालून, डोळ्यांनी पाहून आणि हाताने चितारून ज्यांनी जगापुढे ठेवला, त्यांत एक बाई अग्रभागी होती. मारिया सिबिला मेरियन. तिने विद्यापीठाची पायरी चढली नव्हती. आरोग्याच्या सदरात तिची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण तिने जे पाहिलं त्याचा आपल्या तब्येतीशी अगदी जवळचा संबंध आहे. तो शेवटी येईलच.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात झाला. तीस वर्षं चाललेलं युद्ध तेव्हा संपत आलं होतं. वडील मॅथ्यूस मेरियन हे मूळचे स्वित्झर्लंडचे, नावाजलेले खोदचित्रकार आणि प्रकाशक. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली शहरांची चित्रं हे त्यांचं वैशिष्ट्य. मारिया तीन वर्षांची असताना ते गेले. आईने पुढच्या वर्षी याकोब मारेल या चित्रकाराशी लग्न केलं. मारेल फुलांची चित्रं काढत. या सावत्र वडिलांनी मुलीच्या हातातली कला ओळखली आणि तिला रंग, कुंचला आणि खोदकाम शिकवलं. मुलींना शिकवण्याची फारशी पद्धत नसलेल्या काळात तिला घरातच शाळा मिळाली.

फुलं काढणारी मुलगी किड्यांकडे वळली ती रेशमाच्या अळ्यांमुळे. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तुतीची पानं खाणारी अळी कात टाकत वाढते, स्वतःभोवती धागा गुंडाळते, आत गप्प पडून राहते आणि काही दिवसांनी त्यातून पांढरा पतंग बाहेर येतो, हे तिने पाहिलं. रेशीम उद्योगातल्या माणसांना यात नवल नव्हतं. मारियाला मात्र पुढचा प्रश्न पडला. रेशमाची अळी असं करते, तर बागेतल्या इतर अळ्यांचं काय? मग ती मिळतील त्या अळ्या घरी आणू लागली. हा नाद तिला पुढे पन्नासहून अधिक वर्षं पुरला.

तेव्हाचा समज काय होता, हे पाहिलं की या प्रश्नाचं मोल कळतं. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली कल्पना अशी, की किडे चिखलातून, दवातून, कुजलेल्या मांसातून आपोआप जन्म घेतात. शिकलेले लोकही हेच मानत. १६६८ मध्ये इटलीतले एक डॉक्टर फ्रान्चेस्को रेडी यांनी मांसाचे तुकडे काही उघड्या आणि काही कापडाने झाकलेल्या बरण्यांमध्ये ठेवले. माश्या जिथे पोहोचू शकल्या नाहीत, त्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. पुढच्याच वर्षी मार्चेल्लो माल्पिगी यांनी रेशमाच्या किड्याचं विच्छेदन प्रसिद्ध केलं, तर हॉलंडमध्ये यान स्वामरडाम यांनी कीटकांच्या वाढीच्या टप्प्यांवर ग्रंथ लिहिला. हे दोघेही वैद्यकशास्त्र शिकलेले. माझ्या पेशातल्या या मंडळींचा मला अभिमान आहे. पण त्यांचा भर सुरी आणि भिंग यांवर होता. मारियाने दुसरा मार्ग धरला. तिने अळीला जगू दिलं आणि ती काय खाते ते पाहिलं.

१६६५ मध्ये मारियाचं लग्न मारेल यांचाच शिष्य योहान आंद्रेआस ग्राफ याच्याशी झालं. १६६८ मध्ये मोठी मुलगी योहाना झाली. मग हे कुटुंब न्यूरेंबर्गला राहायला गेलं, तिथे १६७८ मध्ये धाकटी डोरोथिया जन्मली. संसाराला हातभार म्हणून मारिया सुखवस्तू घरांतल्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवी, रंग विकी. भरतकामाला नमुने म्हणून उपयोगी पडतील अशा फुलांच्या चित्रांचं पुस्तकही तिने काढलं. आणि शहराच्या किल्ल्यालगत तिला एक बाग मिळाली होती. याच बागेने तिला घडवलं.

त्या बागेत आणि आसपासच्या कुंपणांवर, माळांवर ती अळ्या शोधत फिरे. अळी सापडली की ज्या झाडावर सापडली त्याची फांदीही सोबत घेई. घरी खोक्यात अळी ठेवून रोज ताजी पानं देई. इथे तिच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक अळीचं पान ठरलेलं असतं. एकीला चालणारं पान दुसरी तोंडात घेत नाही. चुकीचं पान दिलं तर अळी खात नाही, उपाशी मरते. काही अळ्या दोन-चार प्रकारची पानं चालवून घेतात, पण मनासारखं पान असेल तर आधी तेच खातात. आज शाळेच्या पुस्तकात सहज सांगितलं जाणारं हे सत्य तिने शेकडो खोक्यांमधून, मेलेल्या आणि जगलेल्या अळ्यांचा हिशेब ठेवून मिळवलं.

हिशेब हा शब्द मुद्दाम वापरला. मारियाची एक अभ्यासवही होती. चर्मपत्राच्या छोट्या तुकड्यांवर अळी, कोष, पतंग यांची चित्रं आणि शेजारी नोंदी. अळी कधी सापडली, काय खाल्लं, कात कधी टाकली, कोषात कधी गेली, बाहेर कधी आली, की आलीच नाही. सरकारी रुग्णालयात उमेदवारी करणाऱ्या नव्या डॉक्टरांना आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगतो, की केसपेपर नीट लिहा. रुग्णाने काय खाल्लं, ताप कधी आला, कधी उतरला. आज बिनमहत्त्वाची वाटलेली नोंद चौथ्या दिवशी निदान सांगून जाते. मारियाची वही म्हणजे अळ्यांचे केसपेपरच होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी तपासणार नव्हतं, तरी ते तिने लिहिले.

१६७९ मध्ये तिचं अळ्यांवरचं पहिलं पुस्तक निघालं. अळ्यांचं अद्भुत रूपांतर आणि फुलझाडांवरचा त्यांचा आहार, असा त्याच्या लांबलचक नावाचा आशय. त्यात पन्नास चित्रं होती. सुरुवात अर्थातच तुती आणि रेशमाच्या अळीने. एकेका पानावर एक झाड, त्यावर अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला पतंग किंवा फुलपाखरू, आणि अनेकदा अंडीसुद्धा, असं सगळं आयुष्य एकत्र मांडलेलं. आजवर किडे वेगळे आणि झाडं वेगळी काढली जात. मारियाने दोघांना एकाच पानावर आणलं, कारण निसर्गात ते एकत्रच असतात. शिवाय तिने हे लॅटिनमध्ये न लिहिता जर्मनमध्ये लिहिलं, म्हणजे बाजारातून भाजी आणणाऱ्या बाईलाही ते वाचता यावं. १६८३ मध्ये आणखी पन्नास चित्रांचा दुसरा भाग आला. त्या काळच्या जर्मनमध्ये फुलपाखराला उन्हाळी पाखरू अशा अर्थाचा शब्द होता, तोच ती वापरी. आपणही त्याला पाखरूच म्हणतो. दूरच्या दोन भाषांना एकच गोष्ट सुचावी, याची मौज वाटते.

एक गोष्ट तिला कोड्यात टाकी. कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी लहान लहान माश्या बाहेर पडत. आज आपल्याला माहीत आहे, की काही माश्या आणि गांधीलमाशीसारखे कीटक अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं तिला आतून खाऊन वाढतात. मारियाला याचा पूर्ण उलगडा झाला नाही. पण तिने ती नोंद खोडली नाही, लपवलीही नाही. जसं दिसलं तसं काढलं आणि लिहिलं. आपल्या समजुतीत न बसणारं निरीक्षण जपून ठेवणं हे डॉक्टरांनाही अवघड जातं.

तिचं घर मात्र सुरळीत राहिलं नाही. १६८१ मध्ये मारेल वारले आणि मारिया मुलींना घेऊन आईच्या आधाराला फ्रँकफर्टला आली. १६८५ मध्ये आई आणि दोन मुलींसह तिने नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड भागात लाबादी नावाच्या धर्मपंथाच्या वसाहतीत राहायला जाण्याचा निर्णय घेतला. तिचा सावत्र भाऊ आधीपासून तिथे होता. नवरा परत न्यायला आला, पण ती गेली नाही. १६९२ मध्ये रीतसर घटस्फोट झाला आणि ती वडिलांचं आडनाव पुन्हा लावू लागली. सतराव्या शतकात हे किती कठीण असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१६९१ मध्ये ती मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. जगभराच्या व्यापाराचं हे शहर. श्रीमंतांच्या घरी दूरदेशीच्या शिंपल्यांची, पक्ष्यांची, टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांची कपाटं असत. शरीररचनाशास्त्राचे मोठे जाणकार डॉक्टर फ्रेडरिक राउश यांचा संग्रहही तिने पाहिला. अमेरिका खंडातून आलेली ती निळी, सोनेरी फुलपाखरं सुंदर होती, पण मेलेली होती. त्यांच्या अळ्या कशा दिसतात, काय खातात, कोष कुठे करतात, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पाहुणा दारात यावा आणि त्याचं गाव-घर काहीच कळू नये, तसं तिला झालं. उत्तर मिळवायचं तर ती जिथून आली तिथे जाणं भाग होतं.

१६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला निघाली. सुरिनाम तेव्हा डचांची साखरेची वसाहत होती. तिच्यामागे राजा नव्हता की कंपनी नव्हती. स्वतःची २५५ चित्रं विकून तिने पैसे उभे केले. निघण्याआधी मृत्युपत्र केलं. सोबत एकवीस वर्षांची डोरोथिया. जहाजाने सुमारे दोन महिन्यांनी पारामारिबोला पोहोचून मायलेकींनी घर घेतलं आणि तिथेही मागच्या अंगणात बाग केली. त्या बागेतून, मळ्यांतून आणि जंगलाच्या कडेवरून अळ्या येऊ लागल्या. अननस, पेरू, डाळिंब, केळ, रताळं, कसावा अशा झाडांसोबत ती किड्यांची आयुष्यं चितारू लागली. साखर सोडून भलत्याच गोष्टी शोधणारी ही बाई वसाहतीतल्या मळेवाल्यांच्या चेष्टेचा विषय झाली. तिनेही त्यांना उसापलीकडे काही दिसत नाही, हे लिहून ठेवलं.

इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. हा ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर पिकत होता. जंगलात वाट काढून देणारी, अळ्या आणून देणारी, कोणतं झाड कशासाठी वापरतात हे सांगणारी माणसं गुलाम होती, स्थानिक आदिवासी होती. मारियाच्या घरीही अशी माणसं कामाला होती. त्यांच्या ज्ञानावर तिचं पुस्तक उभं आहे, हे ती जागोजाग सांगते, पण त्यांची नावं त्यात नाहीत. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना हा भाग गाळून चालत नाही.

याच माणसांनी तिला एक झाड दाखवलं. लाल-पिवळ्या झुबक्यांचं, लांब पुंकेसर बाहेर डोकावणारं. हे झाड आपल्या ओळखीचं आहे. शाळांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या, सोसायट्यांच्या कुंपणाशी हमखास दिसणारा शंखासुर. मोठी फुलपाखरं त्याच्या फुलांवर हमखास येतात. गुलाम बायकांनी मारियाला सांगितलं, की या झाडाच्या बिया त्या गर्भ पाडण्यासाठी वापरतात, कारण आपल्या पोटी जन्मलेलं मूल गुलामच होणार. मारियाने हे आपल्या पुस्तकात, त्या सुंदर फुलाच्या आणि त्यावरच्या अळीच्या चित्रासोबत लिहिलं. त्या काळात वनस्पतीच्या पुस्तकात अशी नोंद दुर्मीळ होती. डॉक्टर म्हणून इथे एक वाक्य सांगणं माझं काम आहे. झाडपाल्याने गर्भपात करण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे १९७१ पासून यासाठी कायदा आहे आणि सरकारी रुग्णालयात सुरक्षित सोय आहे. त्या बायकांना दुसरा मार्ग नव्हता, आज आहे.

मारियाचा बेत सुरिनाममध्ये पाच वर्षं राहण्याचा होता, असं मानतात. पण दोन वर्षांच्या आतच तिला आजारपणाने गाठलं आणि १७०१ मध्ये परतावं लागलं. अभ्यासकांच्या मते तो बहुधा हिवताप, म्हणजे मलेरिया होता. नियतीचा खेळ असा, की सगळं आयुष्य किड्यांचा माग काढणाऱ्या बाईला एका किड्यानेच आडवं केलं, आणि ते तिला कळण्याचा मार्ग नव्हता. हिवताप दूषित हवेने होतो असं तेव्हा मानत. डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू रोनाल्ड रॉस यांनी पाहिले ते १८९७ मध्ये, आपल्याच देशात, सिकंदराबादला. मधे जवळपास दोनशे वर्षं गेली.

अशक्त तब्येत, पण सोबत चित्रांचा, वाळवलेल्या नमुन्यांचा ढीग घेऊन ती ॲमस्टरडॅमला उतरली. १७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांच्या रूपांतरावरचा तिचा ग्रंथ लॅटिन आणि डच भाषांत निघाला. त्यात ६० मोठी चित्रं होती आणि प्रकाशन तिने स्वतःच केलं. वनस्पतितज्ज्ञ कास्पर कोमेलिन यांनी झाडांविषयीच्या टिपा जोडल्या. उष्ण प्रदेशातल्या कीटकांची जिवंतपणीची आयुष्यं युरोपने एवढ्या तपशिलात प्रथमच पाहिली. पुढे कार्ल लिनियस यांनी जीवांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा अनेक जातींसाठी त्यांनी मारियाच्या चित्रांचा आधार घेतला.

१७१५ मध्ये मारियाला पक्षाघाताचा झटका आला. शरीराची हालचाल मंदावली. १३ जानेवारी १७१७ रोजी ती गेली. त्याच सुमारास रशियाचा सम्राट पीटर ॲमस्टरडॅममध्ये होता. त्याच्यासाठी तिची चित्रं विकत घेण्यात आली, आणि तिची ती अभ्यासवही सम्राटाच्या डॉक्टरांनी, रॉबर्ट अर्स्किन यांनी मिळवली. ती वही आजही सेंट पीटर्सबर्गला आहे. अळ्यांच्या पुस्तकाचा तिसरा भाग डोरोथियाने त्याच वर्षी काढला.

नंतरच्या शतकात तिच्या कामावर शंका घेणारे निघाले. पेरूच्या फांदीवर पक्ष्याला पकडणारा मोठा कोळी तिने काढला होता. असं कुठे असतं का, म्हणून तिला थापाडी ठरवलं गेलं. १८६३ मध्ये हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या जंगलात लहान पक्ष्यांना पकडलेला तसा कोळी स्वतः पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा त्या बाईच्या डोळ्यांवर थोडा विश्वास बसला. तिच्या चित्रांत चुका नव्हत्या असं नाही, काही ठिकाणी अळी एकीची आणि पतंग दुसरीचा अशी गफलत झाली आहे. पण जर्मनीने १९९० च्या दशकात आपल्या ५०० मार्कच्या नोटेवर तिचा चेहरा छापला, आणि मागच्या बाजूला काय, तर एक रानटी झाड आणि त्यावरची अळी.

आता आपल्या गॅलरीकडे येऊ. मारियाने शिकवलेला धडा एका ओळीचा आहे. फुलांनी फुलपाखरू थोडा वेळ थांबतं, पानांनी ते वस्तीला येतं. मादी अंडी घालते ती अळीला चालणाऱ्या पानावरच. म्हणून बाग फुलपाखरांची करायची तर मध देणाऱ्या फुलझाडांसोबत अळीचं खाद्य असलेली झाडं हवीत. कढीपत्ता आणि लिंबू यांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन वाढतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर जगतात. पानफुटीच्या जाड पानांच्या आत रेड पिएरोची अळी पोखरत राहते. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, अंगण मोठं असेल तर बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. दोन कुंड्या कढीपत्ता ठेवता आला, तर एक आपल्यासाठी आणि एक त्यांच्यासाठी राखावी. आणि फवारणी बंद. कीटकनाशकाला अळी आणि फुलपाखरू यांतला फरक कळत नाही, आणि बंद गॅलरीत मारलेलं औषध आपल्या आणि नातवंडांच्या श्वासातही जातं.

थोडी काळजी घ्यावी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन डॉक्टर गाठावेत. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, लहान मूल घरात असेल तर ती नकोच. केसाळ सुरवंटाला हात लावू नये. केस टोचलेच तर चोळू नये, चिकटपट्टी अलगद लावून ते काढावेत आणि मग साबणाने धुवावं. कढीपत्त्यावरची गुळगुळीत हिरवी अळी मात्र निरुपद्रवी आहे, मुलांना खुशाल दाखवा.

आणि आता सुरुवातीला म्हटलं तो तब्येतीशी असलेला संबंध. अंडी, अळी, कोष, पंखवाला कीटक हे चार टप्पे फुलपाखराचे तसेच डासाचेही आहेत. फुलपाखराची अळी पानावर असते, डासाची पाण्यात. आपल्या उबदार हवेत डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. आठवड्याला साठलेलं पाणी ओतून टाकलं, तर अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीच महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. दर पावसाळ्यात आमचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरतात, खाटा पुरत नाहीत, प्लेटलेट्सच्या चिठ्ठ्या घेऊन नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. त्यातल्या कित्येक घरांत डासांची पैदास कुंडीखालच्या ताटलीत झालेली असते. फुलपाखरांसाठी म्हणून पाणी ठेवायचं असेल, तर उघडं पाणी ठेवू नका. पसरट ताटलीत वाळू घालून ती फक्त ओलसर ठेवा. फुलपाखरं ओल्या वाळूतून क्षार शोषतात आणि डासाला तिथे अंडी घालता येत नाहीत.

दोन अळ्या, दोन पत्ते. एकीला पान द्यायचं, दुसरीचं पाणी काढून घ्यायचं. पण त्यासाठी दोघी ओळखू यायला हव्यात, आणि ओळखायच्या तर वाकून, थांबून, रोज पाहायला हवं. मारिया मेरियनने आयुष्यभर एवढंच केलं. येत्या रविवारी कुंड्यांच्या ताटल्या घासून कोरड्या करा, आणि मग कढीपत्त्याची पानं उलटून पाहा. शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका. घरातल्या एखाद्या मुलाच्या हातात वही द्या आणि तारीख घालायला सांगा.